घरापुढील हिरवळ कोण खातो?

ज्या हरळीच्या नावाने आमच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बोटे मोडली, वैशाखाच्या उन्हात कुदळीने खणून जिच्या काश्या वेचल्या व बांधावर जाळल्या, तीच हरळी हल्ली तो पैसे मोजून विकत आणतो आणि घरापुढे लावून तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. यात हसण्यासारखे काही नाही. घर नवे बांधले, पुढे अंगण मोकळे राहिले, धूळ घरात येऊ नये व मुलांना खेळावयास मऊ जागा असावी, ही इच्छा रास्तच आहे. कित्येक सभासद बंधूंनी रोपवाटिकेतून कोरियन, मेक्सिकन अशा नावांनी मिळणारी गवतेही आणून लावली आहेत. परंतु हिरवळ लावणे निराळे व ती राखणे निराळे. पावसाळा सरत आला की तिच्यावर पिवळे डाग पडू लागतात, आणि मग घरातला प्रत्येक जण आपापला उपाय घेऊन तिच्यावर धावतो. शेतातील पिकाच्या बाबतीत जो गृहस्थ दहा वेळा विचार करील, तोच अंगणातील गवताच्या बाबतीत मात्र काय झाले आहे हे न पाहताच औषध ओततो, असा आमचा अनुभव आहे. अशा एका अंगणाची हकीकत येथे सविस्तर देतो. कारण तिचा संबंध अंगणापुरता उरला नाही.

प्रवरेच्या कालव्याखाली आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध बागाईतदार आहेत. घरापुढे पाऊण गुंठ्याची हरळीची हिरवळ, तिला लागून कडुनिंबाचे दोन मोठे वृक्ष, आणि पलीकडे तीन एकर ऊस. गेल्या श्रावणात हिरवळीवर तळहाताएवढे फिकट डाग दिसू लागले. थोरल्या चिरंजीवांना वाटले, गवत उपाशी आहे. त्यांनी युरिया मुठीने फेकला. डाग गेले नाहीतच, उलट जेथे मूठ जड पडली तेथे गवत करपून नवे डाग पडले. धाकट्यांना वाटले, पाणी कमी पडते; त्यांनी दोन्ही वेळा नळी लावून जमीन चिखल करून टाकली. त्यानंतर दुकानदाराने ‘बुरशी आहे’ असे न पाहताच सांगून एक पुडी दिली, तीही फवारून झाली. तीन उपायांत पैसे गेले, तीन आठवडे गेले आणि डाग घमेल्याएवढे झाले.

खरा उलगडा केला तो घरातील आजीबाईंनी, आणि तोही गणपतीच्या दिवशी. पूजेसाठी हिरवळीच्या कडेची दूर्वा खुडावयास त्या बसल्या, तो कोवळा शेंडा खुडण्याऐवजी गवताचा अख्खा झुबका हाती आला. त्याला मूळ म्हणून नव्हतेच. त्यांनी दुसरीकडे हात घातला, तेथेही तेच. आम्ही त्या दिवशी प्रसादास गेलो होतो. डागाच्या कडेला दोन्ही हातांनी गवत धरून ओढले, तेव्हा घोंगडीचे टोक उचलावे तशी हिरवळ उचलली गेली. खालची माती भुसभुशीत झाली होती आणि तीत पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या दीड-दीड इंच लांबीच्या अळ्या पडलेल्या होत्या. हुमणी! वाचकांस तिचे वर्णन सांगणे नलगे.

ही परीक्षा कशी करावी, हे नीट सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ जण खणतात खरे, पण चुकीच्या जागी खणतात. डागाच्या मधोमध, जेथे गवत पूर्ण वाळले आहे, तेथे खणले तर बहुधा काहीच सापडत नाही, आणि शेतकरी ‘कीड नाही’ म्हणून परततो. अळीला जिवंत मूळ हवे. तेथील मुळे संपली की ती पुढे सरकते. म्हणून पिवळे व हिरवे जेथे मिळते त्या सीमेवर खणावे. खुरप्याने एक फूट लांब व एक फूट रुंद चौकोन तीन बाजूंनी कापावा, पेटीचे झाकण उघडावे तसा तो चौथ्या बाजूवर उलटावा, आणि खालची तीन-चार इंच माती बोटांनी चाळून अळ्या मोजाव्यात. मोजणी झाली की झाकण जागच्या जागी दाबून पाणी द्यावे. गवत पुन्हा धरते. असे चार-पाच ठिकाणी करावे, त्यातले एखादे ठिकाण मुद्दाम चांगल्या हिरव्या भागातले असावे. चौरस फुटात एखाददुसरी अळी आढळली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सशक्त गवत तेवढा उपद्रव सोसते. पाच-सहांच्या वर संख्या गेली की मात्र गवताचा टिकाव लागत नाही. वर सांगितलेल्या अंगणात आम्हांस एका चौकोनात 9, दुसऱ्यात 7, आणि हिरव्या भागात 1 अशी संख्या मिळाली.

येथे एक सावधगिरी. पांढरी, वळलेली अळी दिसली की ती हुमणीच, असे समजू नये. उकिरड्यात व शेणखताच्या खड्ड्यात जाड पांढऱ्या अळ्या असतात, त्यांतल्या पुष्कळशा कुजलेल्या पदार्थावर जगणाऱ्या असतात आणि जिवंत मुळाला शिवत नाहीत. त्यांतील एका जातीची ओळख मोठी गमतीची आहे. अळी सपाट फळीवर ठेवली असता ती पालथी न चालता पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती हुमणी नव्हे. तिला मारण्यात अर्थ नाही. खताचे काम ती आपल्यापरीने करीतच असते.

आता प्रश्न असा की, डाग दिसला म्हणजे प्रत्येक वेळी हुमणीच का? मुळीच नाही. हिरवळ पिवळी पडण्याची कारणे अनेक आहेत, आणि प्रत्येक कारण आपली काही ना काही खूण मागे ठेवते. ती पाहण्यास गुडघे टेकून खाली बसावे लागते, एवढीच काय ती मेहनत.

पहिली खूण डागाच्या आकाराची. डाग सरळ रेषेत असेल, पट्ट्यासारखा असेल, किंवा त्याच्या कडा रेखीव असतील, तर ते बहुधा माणसाचे काम समजावे. खत टाकताना हात जड पडला, तणनाशकाचा पंप न धुता त्यातूनच दुसरे औषध फवारले, गवत कापण्याचे यंत्र फार खाली लावले, बांधकामाच्या वेळी चुन्याचा किंवा विटांच्या तुकड्यांचा ढीग तेथे होता आणि त्यावर चार बोटे माती पसरून गवत लावले, अशांपैकी काहीतरी घडलेले असते. कीड व रोग रेषा आखून चालत नाहीत. वीतभर रुंदीचा गोल डाग, मध्ये जळलेला व भोवती गर्द हिरवे कडे, असा दिसला तर घरच्या कुत्र्याकडे पाहावे. त्याच्या मूत्रात नत्र फार असते. मध्ये ते जाळते व कडेला खत होते. तेथे ताबडतोब बादलीभर पाणी ओतले की काम भागते, औषध नको आणि कुत्र्याला मारही नको.

पाण्याची तूट असेल तर गवत आधी पिवळे होत नाही. निळसर राखी दिसते आणि त्यावरून चालत गेले असता पाऊल उमटून राहते, गवत पुन्हा उभे राहत नाही. झाडाच्या सावलीत हरळी विरळ होत जाते, त्याला रोग म्हणू नये. हरळी उन्हाची लेक आहे, आंब्याखाली ती कधीच नांदत नाही. पौष-माघाच्या थंडीत ती फिकी पडते तोही तिचा धर्मच. कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल तर पात्यांची टोके करपतात व मातीवर पांढरट थर धरतो. कालव्याखालील जुन्या जमिनींच्या धन्यांस हा थर ओळखण्यास आम्ही शिकवावे, असे नाही.

बुरशीचा रोग ओळखावयाचा तर पहाटे उठावे. दव असताना पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू दिसतात, ऊन चढले की ते नाहीसे होतात. पात्यावर निरनिराळे ठिपके असतात, ठिपक्यांना कडा असते, आणि मुख्य म्हणजे ओढले असता गवत मुळाशी घट्ट असते. असे असेल तर पहिला उपाय फवारणीचा नव्हे, संध्याकाळचे पाणी बंद करण्याचा आहे. रात्रभर पाते ओले राहिले की बुरशीला मेजवानी मिळते. पाणी सकाळी द्यावे आणि नत्रखत काही दिवस थांबवावे.

पाती वरूनच कुरतडली गेली असतील, कडा खाल्लेल्या असतील व मातीवर बारीक हिरवट लेंड्या पडलेल्या असतील, तर ते काम लष्करी अळीचे असण्याचा संभव आहे. ती दिवसा गवताच्या बुडात दडते, म्हणून दिसत नाही. तिला वर आणण्याची युक्ती सोपी आहे. भांडी घासण्याचा पातळ साबण दोन मोठे चमचे चार-पाच लिटर पाण्यात मिसळून हातभर लांब-रुंद जागेवर ओतावा. अळ्या असतील तर दहा मिनिटांच्या आत वर येतात. गांडुळेही वर येतात, त्यांना स्वच्छ पाण्याने धुऊन परत सोडावे. खोल राहणारी हुमणी मात्र या साबणाला दाद देत नाही. तिच्यासाठी खुरपेच पाहिजे. वाळवी असेल तर वाळल्या गवतावर मातीचे पापुद्रे चढलेले दिसतात. घुशीने उकरले असेल तर मातीचे ढीग व बीळ दिसते. सकाळी मातीच्या बारीक गोळ्या जागोजागी दिसल्या तर त्या गांडुळांच्या होत, आणि त्या जेथे आहेत ती जमीन चांगली आहे.

पक्ष्यांची साक्ष मात्र अवश्य घ्यावी. एखाद्या अंगणात साळुंक्या, कावळे, बगळे रोज एकाच ठिकाणी उतरून चोच खुपसू लागले, किंवा रात्री डुकरांनी हिरवळ उलथून टाकली, तर लोक त्यांनाच शत्रू समजून हाकलतात. ते नासाडी करतात हे खरे. पण ते काहीतरी खावयास आलेले असतात, आणि ते काय हे आपण पाहिलेले नसते. अमेरिकेत 1916 साली न्यू जर्सी प्रांतातील रिव्हरटन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत जपानातून आलेला एक भुंगेरा प्रथम आढळला. त्याच्या अळ्यांनी पुढे तेथील घरोघरीच्या हिरवळी अशाच खालून पोखरल्या, आणि तेथेही लोकांस हिरवळ उकरणारे प्राणी व पक्षी दिसले. आमच्याकडचा भुंगेरा निराळा, पण गालिच्यासारखे गुंडाळले जाणारे गवत तेच.

आता हुमणीकडे वळू. उन्हाळ्याच्या अखेरीचे वळवाचे किंवा मृगाचे पहिले दमदार पाऊस पडले की तिचे भुंगेरे संध्याकाळी अंधार पडता पडता जमिनीतून बाहेर येतात. रंग तांबूस तपकिरी, लांबी पाऊण इंचाच्या आसपास. कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर ते जमतात, पाला खातात, तेथेच नर-मादींचे मीलन होते, आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी ओलसर, भुसभुशीत जमिनीत काही इंच खोल अंडी घालते. सुमारे पंधरवड्यात अळी निघते. ती दोनदा कात टाकते, आणि तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे श्रावणापासून पुढे दिवाळीपर्यंत, तिची भूक सर्वांत मोठी असते. थंडीच्या सुमारास ती खोल जाऊन कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगेरा पुढील पावसाची वाट पाहत जमिनीतच बसून राहतो. हे वर्षाचे चक्र ध्यानात आले म्हणजे अंगणातील हिरवळच तिला का सापडली, हेही उघड होते. ज्येष्ठात सारे रान कोरडे असताना पाणी देऊन ओली ठेवलेली अशी दुसरी जागा कोणती? शिवाय ओसरीवर दिवा, आणि दिव्याकडे भुंगेरा झेपावतो. त्या घरी विचारले तेव्हा सुनबाईंना आठवले की, मृगात रोज सकाळी ओसरीवरून सुपडीभर तपकिरी किडे झाडून टाकावे लागत होते. कडुनिंबाची पाने त्याच वेळी चाळणी झाली होती. दोन्ही गोष्टी सर्वांनी पाहिल्या होत्या, पण त्यांचा हिरवळीशी संबंध कोणी जोडला नव्हता.

अळ्या दिसताच घरधनी उठले आणि कोठारातून एक जुना डबा घेऊन आले. त्यात फोरेटचे दाणे होते, काही वर्षांपूर्वी उसासाठी आणून उरलेले. हे हिरवळीवर पसरतो म्हणाले. त्यांचा तीन वर्षांचा नातू त्याच गवतावर अनवाणी बसून मोदक खात होता. आम्ही त्यांचा हात धरला. फोरेट हे अत्यंत जहाल विष आहे, ते कातडीतूनही शरीरात शिरते, आणि 31 डिसेंबर 2020 पासून सरकारने त्यावर बंदी घातली आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या कोठारात असे डबे पडून असतील त्यांनी ते वापरू नयेत, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नयेत, कुलपात ठेवून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यास विचारावे. दुसरी गोष्ट अशी की, भाद्रपदात पूर्ण वाढलेली, खोल राहणारी अळी विषाने सहजी मरत नाही. औषधाचा उपयोग आषाढात, अळी कोवळी असताना. म्हणजे ज्या महिन्यात डाग दिसतात त्या महिन्यात विष टाकणे हे बहुतांशी पैसे टाकणे आहे.

मग त्या घरी काय केले? दुसऱ्या दिवशी डागांच्या कडेचे गवत घोंगडीसारखे गुंडाळून बाजूला ठेवले, माती खुरप्याने हलवली आणि कोंबड्या सोडल्या. त्यांनी अर्ध्या दिवसात जे काम केले ते कोणत्याही दुकानात विकत मिळाले नसते. उरलेल्या अळ्या मुलांनी वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकल्या. मग मेटारायझियम नावाची बुरशी, जी पिकास न लागता अळीच्या अंगावर वाढून तिला मारते, ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पसरली व वर पाणी दिले. ही बुरशी ओलीवर जगते व सावकाश काम करते, आठ दिवसांत चमत्कार दाखवीत नाही. घाई असणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. उघड्या जागी हिरव्या भागातील हरळीचे तुकडे लावले. हरळीला पसरावयास शिकवावे लागत नाही.

परंतु आमचे चित्त हिरवळीवर नव्हते. कुंपणापलीकडे ऊस उभा होता, आणि त्याच्या अंगणाकडील चार-पाच ओळींची पाने पिवळट दिसत होती. घरधनी म्हणाले, तिकडे पाट नीट पोहोचत नाही, म्हणून तसे दिसते. आम्ही एका पिवळ्या बेटाला हात घालून हलवले, ते डगमगले. खोदले तेव्हा एका बेटाखाली चार अळ्या, दुसऱ्याखाली तीन, आणि मुळ्या दाढी केल्यासारख्या साफ. पाण्याचा दोष नव्हता. आणखी पंधरा दिवस पाटाचीच दुरुस्ती चालली असती तर आतल्या ओळीही गेल्या असत्या, आणि ऊस आडवा पडल्यावर खुलासा झाला असता. पाऊण गुंठ्याच्या गवताने तीन एकरांची वर्दी आधी दिली ती यामुळे की, हरळीचे मूळ बारीक, तिला घाव लवकर लागतो. उसाचे बेट जाडजूड, ते पुष्कळ दिवस मरण लपवून ठेवते. ज्यांच्या घरापुढे हिरवळ व मागे ऊस किंवा भुईमूग आहे त्यांनी एकीकडे अळी आढळताच दुसरीकडे त्याच दिवशी खणून पाहावे.

त्या उसात पिवळ्या ओळींच्या बुडाशी खणून अळ्या वेचल्या, आणि पाण्याची पाळी भरपूर दिली. कडेच्या ओळींचे नुकसान झालेच. बाकीचा ऊस तगला. तोडणीनंतर त्या पट्ट्यात खोडवा ठेवावयाचा नाही असे ठरले, व तसे केले. लागलीच खोल नांगरट केली तेव्हा नांगरामागे बगळ्यांची रांग लागली होती.

राहिली गोष्ट भुंगेऱ्यांची. ते एकाच घरच्या कडुनिंबावर वेचून भागत नाही, कारण शेजाऱ्याच्या बाभळीवरचे उडून येतात. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर तासाभराने, झाडाखाली जुने धोतर किंवा ताडपत्री अंथरून लांब काठीने फांद्या हलवाव्यात. पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे आठ-दहा संध्याकाळी लागोपाठ, आणि गावातील सर्व झाडांवर एकाच वेळी झाले पाहिजे. ज्या गावांतील सभासद येत्या मृगात हे काम मिळून करण्यास तयार असतील त्यांनी आपल्या गावातील कडुनिंब, बाभूळ व बोरी यांची मोजदाद वैशाखातच करून ठेवावी, आणि कोणत्या आळीने कोणती झाडे घ्यावयाची हे पाऊस पडण्यापूर्वी ठरवावे. पाऊस पडल्यावर पेरणीची घाई असते, आणि भुंगेरा कोणासाठी थांबत नाही.